पंचेचाळीस अंश

माझी कंबर वाकत नाही. म्हणजे दुखणं वगैरे काही नाही हं. फरशी पुसताना वाकते, पलंगाखाली गेलेले माझ्या लेकीचे, उर्जाचे, मोजे काढताना वाकते, बुद्धवंदनेला तर कपाळ जमिनीला टेकतं. पण समोर माणूस उभा असला आणि त्याच्यापुढे वाक म्हटलं, की कंबर जागच्या जागी थिजते आणि खाली जाते ती नुसती मान. सदतीस वर्षं मला याचा पत्ता नव्हता. तो लागला न्युरेम्बर्गमध्ये, कंपनीच्या मीटिंग रूममध्ये, चार लोकांच्या देखत.

"पुन्हा एकदा, फ्राउ रामटेके," ओकाबेबाई म्हणाल्या. "मान नाही. कमरेतून."

ओकाबेबाई ड्यूसेलडॉर्फहून आल्या होत्या, आम्हाला जपानी रीतभात शिकवायला. दोन दिवसांची शिकवणी आणि तिसऱ्या दिवशी परीक्षा. परीक्षा अगदी खरीखुरी. बुधवारी सकाळी दहा वाजता जपानहून तीन माणसं येणार होती आणि आम्ही त्यांची माफी मागायची होती.

आता माफी कशाची, ते सांगते. आमची कंपनी आगगाडीच्या दरवाजांना लागणाऱ्या हवेच्या झडपा बनवते. दार उघडतं नि मिटतं ते या झडपेच्या जिवावर. फेब्रुवारीत आम्ही जपानला दोनशे चाळीस झडपा पाठवल्या. त्यातल्या काही गळक्या निघाल्या आणि तिकडे एका स्टेशनात एका गाडीचं दार अर्धवट मिटून तसंच राहिलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली, बस. आमच्याकडे अकरा मिनिटं उशिरा आलेल्या गाडीला लोक वेळेवर आली म्हणतात. तिकडून मात्र त्या अकरा मिनिटांवर दोन पानी पत्र आलं. आणि त्या मालाच्या तपासणीच्या कागदावर, सगळ्यात खाली, सही माझी होती.

माझी प्रोबेत्साइट चालू होती. प्रोबेत्साइट म्हणजे पहिले सहा महिने. त्यात कंपनी तुम्हाला काही कारण न देता दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी बसवू शकते. माझे पाच महिने आणि चार दिवस झाले होते. मी दिवससुद्धा मोजत होते, यावरून काय ते समजा. माझा नवरा सुगत इथल्या एका संशोधन संस्थेत होता, त्याचं कंत्राट मार्चमध्ये संपलं. त्यामुळे आम्हा तिघांचं या देशातलं राहणं माझ्या ब्लू कार्डावर, आणि ब्लू कार्ड या नोकरीवर. नोकरी गेली की तीन महिने. तेवढ्यात दुसरी मिळाली तर मिळाली, नाहीतर चंबूगबाळं आवरा. उर्जा सप्टेंबरात पहिलीत जाणार होती. तिने दप्तर आधीच निवडून ठेवलं होतं आणि घरातल्या घरात पाठीवर लावून फिरत होती.

पत्राच्या शेवटच्या ओळीत एक शब्द होता, ज्याच्यावरून हा सगळा खटाटोप सुरू झाला. क्योसो-शिनताई. "आपल्या बाजूचे क्योसो-शिनताई आम्ही प्रत्यक्ष पाहू इच्छितो," असं हिराओका नावाच्या त्यांच्या मुख्य तपासनिसांनी लिहिलं होतं. ओकाबेबाईंनी पहिल्याच दिवशी तो फळ्यावर काढला, चार चिन्हं, एकाखाली एक.

"उचलणं, ठेवणं, पुढे होणं, मागे सरणं," त्या म्हणाल्या. "हा बोलण्यातला शब्द नाही, मानाच्या पत्रांतला आहे. माणूस हात कसा उचलतो, वस्तू कशी ठेवतो, कोणत्या वेळी पुढे होतो आणि कोणत्या वेळी मागे. थोडक्यात, तो वागतो कसा. वाकून नमस्कार करणं हा त्यातला शेवटचा, छोटासा भाग झाला."

"गेनाऊ, अगदी बरोबर," आमचे साहेब हेर ब्रांडल म्हणाले. "पण दिसतो तोच भाग. आल्झो, तर मग वाकण्यापासून सुरुवात करू."

ब्रांडल म्हणजे छपन्न वर्षांचा धिप्पाड माणूस. याच कंपनीत सोळाव्या वर्षी शिकाऊ म्हणून लागला आणि आता अख्खा विभाग त्याच्या हाताखाली. ओरडत नाही, शिव्या देत नाही. घड्याळाकडे बघतो. त्याने घड्याळाकडे बघितलं की आपणच आपोआप भराभरा हो म्हणून टाकतो.

ओकाबेबाईंनी कागद वाटले. पंधरा अंश, साधा नमस्कार. तीस अंश, आदर. पंचेचाळीस अंश, माफी. एक म्हणताना खाली जायचं, तीन मोजेपर्यंत थांबायचं, मग सावकाश वर. ब्रांडलना पहिल्याच फटक्यात जमलं, पोट असूनसुद्धा. विक्री विभागातल्या प्रद्युम्न दीक्षितांना तर इतकं छान जमलं की बाई टाळ्या वाजवायच्या राहिल्या. आणि मी? माझी मान खाली, पाठ ताठच.

"पाठीचा त्रास आहे का तुम्हाला?" ब्रांडलनी विचारलं. "असेल तर डॉक्टरचं पत्र आणा. पण पहिल्या रांगेत तुम्हालाच उभं राहायचंय. सही तुमची आहे."

कॉफीच्या मशीनपाशी प्रद्युम्नजींनी मला गाठलं. वीस वर्षं इथे आहेत, बायको जर्मन, माणूस तसा मायाळू. म्हणाले, "अगं यामिनी, एवढं काय त्यात? आपण नाही का घरी मोठ्यांच्या पाया पडत? तसंच समजायचं!"

आपण म्हणे! मी हसून मान डोलावली. आता यांना काय सांगू? यांच्या घरी वाकणाऱ्याच्या पाठीवर हात फिरत असे, डोक्यावर आशीर्वाद पडत असे. माझे आजोबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात मालगुजाराच्या फाटकाबाहेर वाकून उभे राहायचे. आत जायचं नाही, सावली आत पडू द्यायची नाही, हाक येईपर्यंत सरळ व्हायचं नाही. आशीर्वाद सोडाच, बघायचंसुद्धा कोणी नाही. छपन्न साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि गावात शिरले ते छाती काढून. त्याबद्दल मारही खाल्ला. तेव्हापासून आमच्या घराण्याची कंबर सरळ आहे. हे सगळं कॉफीच्या मशीनपाशी, दोन मिनिटांत, हातात कागदी कप घेऊन सांगता येतं का कोणाला? मला तरी येत नाही. आणि सांगून त्यांचं तोंड कसं होईल ते बघायची हौसही नव्हती.

माझे वडील, विठ्ठल रामटेके, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पण उत्तर नागपुरात लोक त्यांना ओळखतात ते समता सैनिक दलाच्या कवायतीमुळे. दर रविवारी सकाळी मैदानावर पोरापोरींना उभं करायचे. टाचा जुळल्या पाहिजेत, हनुवटी वर, नजर समोर. मी पाच वर्षांची असल्यापासून त्या रांगेत होते. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कंबर वाकवायची ती बुद्धासमोर आन् काम करताना. तिसरी जागा नाही." आणि हे बाबा तीन आठवड्यांपूर्वी न्युरेम्बर्गला आले होते, दोन महिने राहायला. म्हणजे माझ्या नशिबाने वेळ साधली होती ती अगदी नेमकी!

मी घरी काही बोलले नव्हते. मंगळवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा बेडरूमचं दार लावून आरशासमोर पुन्हा पुन्हा करून बघितलं. एक. दोन. तीन. आरशातली बाई नुसती मान हलवायची, एखाद्या गोष्टीला होकार दिल्यासारखी. मला तिचा भयंकर राग यायचा. अगं बये, नोकरी जाईल! वाक ना! तुझ्या लेकीच्या शाळेचा प्रश्न आहे, आजोबांचा नाही! तरी नाही.

मंगळवारी दुपारी, दुसरी शिकवणी संपल्यावर, ब्रांडलनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझी फाइल होती.

"उद्या हिराओका प्रश्न विचारतील," ते म्हणाले. "तपासणीचे आकडे त्यांनी मागवून घेतलेत. विचारलं तर उत्तर एकच. आकडे नजरेतून सुटले. माणसाच्या नजरेतून काही सुटतं, हे सगळ्यांना समजतं. दुसरं काहीही बोललात तर वकील येतील."

"या, हेर ब्रांडल," मी म्हटलं. जर्मनमधलं 'या' म्हणजे आपलं 'हो'. 

"तुमचा प्रोबेत्साइटचा अहवाल मला या आठवड्यात भरायचाय." त्यांनी फाइलवर हात ठेवला. "चांगला भरायची इच्छा आहे." आणि घड्याळाकडे बघितलं.

घरी येताना मी दोन स्टेशनं पुढे गेले, इतकं डोकं ठिकाणावर नव्हतं. उलट गाडी पकडून घरी पोचले तर दार उघडताच काय दिसलं? बाबा सोफ्यावर बसलेले, हातात ओकाबेबाईंचा तो कागद, पंधरा-तीस-पंचेचाळीसचा. आणि त्यांच्यासमोर उर्जा, पाठीवर दप्तर, कमरेतून काटकोनात वाकलेली.

"आजोबा, बघा ना," ती जर्मनमध्ये म्हणत होती, "आई आरशासमोर असं करते. पण तिला नाही येत. मला येतं!"

बाबांना जर्मन कळत नाही. पण आरशासमोर वाकणारी आई कळायला भाषा कशाला लागते?

"काय करून राहिली ही?" त्यांनी मला विचारलं.

"बाबा, ते ऑफिसचं आहे," मी इतक्या घाईने बोलायला लागले की माझं मलाच ओशाळवाणं वाटलं. "जपानी लोक येतायत. त्यांच्यात तशी पद्धतच आहे, सगळे सगळ्यांना वाकतात, साहेबसुद्धा शिपायाला वाकतो, आपल्यासारखं काही नसतं त्यात..."

"मी काही म्हटलं काय तुले?"

नाही म्हटलं. तेच तर! चिडले असते तर मी भांडले असते. त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली. सुगत स्वयंपाकघरातून डोकावला, आमची दोघांची तोंडं बघून गॅस बारीक केला आणि म्हणाला, "बाबा, मी तिला म्हटलं होतं, पाठदुखीचं सर्टिफिकेट आणू. इथले डॉक्टर तीन दिवसांचं तर सहज देतात."

जेवायला बसलो. उर्जा वरणभात चिवडत तिच्या कार्टूनचं काहीतरी सांगत होती. ती उठून गेल्यावर बाबांनी विचारलं, "माफी कशाची मागाची हाय?"

मी सांगितलं. झडपा, दार, अकरा मिनिटं.

"मंग चूक कोणाची?"

"सही माझी आहे."

"मी सहीचं नाही विचारलं. चूक."

आणि मग माझ्या तोंडून ते बाहेर पडलं, जे मी सुगतलासुद्धा सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मी वीस झडपा तपासल्या. तीन झडपांची गळती हद्दीबाहेर होती. फार नाही, पण बाहेर. नियम स्पष्ट आहे, एक जरी बाहेर गेली तर अख्खा माल थांबवायचा. मी तो थांबवला आणि ब्रांडलना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, यंत्र सकाळी थंड असतं, जरा जास्तच दाखवतं. खाली ट्रक उभा आहे. आणि घड्याळाकडे बघितलं. मी जागेवर परत आले, तासभर तो कागद समोर ठेवून बसले, आणि सही केली. यंत्र थंड नव्हतं. मला माहीत होतं ते थंड नव्हतं.

सुगतने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "यामिनी, हे तू मला आज सांगतेस?"

"काय सांगू? तुझं कंत्राट संपायला आलं होतं. तू आधीच झोपत नव्हतास."

मला वाटलं आता आजोबा निघणार, मालगुजार निघणार. ते निघालेच, पण मला वाटलं होतं तसे नाही.

"तुह्या आजोबाले मी एकदा विचारलं होतं," ते म्हणाले. "वाकाची लाज वाटे काय म्हणून. तर म्हणे, वाकाचं काय, दिवसभर धान कापताना वाकूनच असतो मानूस. लाज वाटे ती मालकानं खोटं सांगतलं आन् आपन 'हो मालक' म्हटलं त्याची. वाकून हो मालक." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू त्या साहेबाले काय म्हटलं सही करताना?"

"या, हेर ब्रांडल."

"म्हंजे?"

"हो, साहेब."

"तेव्हाच वाकली ना तू, पोरी," बाबा म्हणाले, अगदी हळू, रागावून नाही. "आता कमरेचं काय घेऊन बसली?"

मी ताटावरून उठले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. राग बाबांचा आला होता, त्यांचं खरं होतं म्हणून. हुंदके बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणून नळ सोडून ठेवला.

बुधवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही मीटिंग रूममध्ये उभे होतो. पहिल्या रांगेत ब्रांडल आणि मी, मागे प्रद्युम्नजी. काय बोलायचं हे मी ठरवलं नव्हतं. खरंच सांगते, शेवटपर्यंत ठरवलं नव्हतं. बाबा काय, महिन्याभराने नागपूरला जातील, त्यांना बोलायला काय जातंय, असंही सकाळी ब्रश करताना मनात येऊन गेलं.

दार उघडलं. हिराओका पुढे, साठीतला बारीकसा माणूस, करड्या कोटातला, काखेत साधी पुठ्ठ्याची फाइल. मागे दोन तरुण सहकारी. ओकाबेबाई दुभाष्या म्हणून बाजूला उभ्या राहिल्या.

"आइन्स," ब्रांडल पुटपुटले. एक.

मी वाकले. कशी, ते मला विचारू नका. चूक माझी होती, एवढंच डोक्यात होतं, आणि कंबर गेली खाली. पंचेचाळीस झाले की पन्नास, कोण जाणे. मला कार्पेट दिसत होतं आणि हिराओकांचे बूट, झिजलेले पण लख्ख पॉलिश केलेले. तीन मोजले. मग नजर जराशी वर गेली, आणि पाहते तर काय, ते तिघंही वाकलेले होते. माफी मागायला आम्ही आणि वाकलेले तेही! फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आजोबांसमोर, इतक्या वर्षांत, एक माणूस एकदा तरी असा वाकला असता तर?

बसलो. हिराओकांनी फाइल उघडली, एक कागद बाहेर काढला आणि माझ्यासमोर ठेवला, दोन्ही हातांनी, माझ्याकडे सरळ दिसेल असा. ते जपानीत बोलले आणि ओकाबेबाईंनी जर्मन केलं.

"या कागदावर दोन वेळा आहेत. सात चाळीसला मोजणी पूर्ण झाली. नऊ पंधराला सही झाली. मधल्या दीड तासात काय झालं, ते आम्हाला समजून घ्यायचं आहे."

ब्रांडल माझ्याकडे वळले. सगळेच वळले. नजरेतून सुटलं. जर्मनमध्ये एक शब्द आहे त्याला, एकच शब्द, बोलायला सेकंदही लागत नाही. तो जिभेवर तयार होता. पहिलीतलं दप्तर डोळ्यांसमोर आलं, बरं का. सुगतचा चेहरा आला. घर सोडतानाचा टेम्पोसुद्धा आला.

"मी आकडे पाहिले होते," मी म्हणाले. "तीन झडपा हद्दीबाहेर होत्या. माल थांबवायला हवा होता. मी सही केली."

ओकाबेबाईंनी ते जपानीत सांगितलं. एक तरुण लिहीत होता, त्याचं पेन थांबलं.

"का?" हिराओकांनी विचारलं.

"घाबरले म्हणून."

"कशाला?"

"नोकरी जाईल म्हणून." माझा आवाज चिरकला. "मी नवीन होते."

"आता नाही वाटत भीती?"

"वाटते ना! तेव्हापेक्षा जास्त वाटते."

हिराओकांनी मान हलवली. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तेवढ्यात ब्रांडल पुढे झुकले. त्यांच्या मानेवर लाल डाग उठले होते.

"फ्राउ रामटेके अजून प्रोबेत्साइटमध्ये आहेत," ते म्हणाले. "हे आम्हालाही नवीन आहे. कंपनी योग्य तो निर्णय घेईल. यापुढे त्या आपल्या कामावर नसतील, याची मी खात्री देतो."

झालं. गेली. मला वाटलं होतं, असं काही ऐकलं की मी उठून ओरडेन, टेबल आपटेन, याला म्हणेन, अरे तूच तर सांगितलंस ना मला! माझ्यात तेवढा तापटपणा आहे. पण मी नुसती टेबलाची कड धरून बसले. तीन महिने, तीन महिने, एवढंच डोक्यात वाजत होतं.

ओकाबेबाईंनी ब्रांडलचं बोलणं जपानीत सांगितलं. हिराओकांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, फाइल बंद केली, पेनाला टोपण लावलं आणि दोन वाक्यं बोलले. ओकाबेबाईंनी ती जर्मनमध्ये आणताना माझ्याकडे किंवा ब्रांडलकडे बघितलं नाही, खाली टेबलाकडे बघितलं.

"या बाईंनी आम्हाला खरं सांगितलं. त्यांना काढल्यावर, पुढच्या वेळी आम्हाला खरं कोण सांगणार?"

प्रद्युम्नजी खोकले. शेवटी ब्रांडल म्हणाले, दहा मिनिटांची विश्रांती घेऊ या.

मी कॉरिडॉरमध्ये आले आणि भिंतीला टेकले. सुगतला फोन करावा का, काय सांगावं, आज सांगावं की बाबा गेल्यावर, असं सगळं एकदम सुरू झालं. ब्रांडल बाहेर आले. आमची मीटिंग रूम काचेची आहे, आतले सगळे दिसतात पण ऐकू काही येत नाही. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले, दोन्ही हात खिशात घालून.

"माझं नाव का नाही घेतलंत?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं घ्याल. मी वाट बघत होतो."

आता माझा तापटपणा परत आला. जाणारच आहे नोकरी, तर मग कशाला तोंड बांधून ठेवायचं?

"सही करणारा हात माझा होता, हेर ब्रांडल," मी म्हणाले. "माझं जेवढं होतं तेवढं मी सांगितलं. तुमचं नाव तुम्ही घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा असा माणूस माझ्याकडे बघत होता ज्याला घाई नव्हती. खरं सांगते, मला वाटलं आता हा काहीतरी तिखट बोलणार. पण त्यांनी फक्त कोटाचं बटण लावलं, ते काढलं, पुन्हा लावलं. मग वळले आणि एकटेच आत गेले. दार लावून घेतलं.

मी काचेतून बघत राहिले. ते बसले नाहीत. टेबलाच्या टोकाशी उभे राहून बोलत होते, हात लोंबकळत सोडून, मोठा झालेला शाळकरी पोरगा फळ्यापाशी उभा असतो तसे. ओकाबेबाई भाषांतर करता करता मधेच थांबल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग पुन्हा बोलू लागल्या. हिराओकांनी पेनाचं टोपण काढलं. बरंच काही लिहिलं. एकदा ब्रांडलनी हाताने माझ्या दिशेला दाखवलं आणि मग तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

दहा मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली. दार उघडलं तेव्हा त्यांच्या मानेवरचे लाल डाग गेले होते, चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. त्यांनी माझ्याकडे न बघता रुमालाने कपाळ पुसलं.

"तुमची नोकरी राहिली," ते म्हणाले. "हिराओकांनी तसं लिहून घेतलंय. यापुढे त्यांच्या मालावर फक्त तुमची सही चालेल."

"आणि तुम्ही?"

"मी सोळाव्या वर्षी आलो इथे." त्यांनी रुमालाची घडी घातली, ती जमेना, तसाच खिशात कोंबला. "दुपारी मला वर बोलावलंय. बघू."

ते लिफ्टकडे चालायला लागले. इतके दिवस मला या माणसाची भीती वाटत होती. आता पहिल्यांदाच त्याची काळजी वाटायला लागली, आणि भीतीपेक्षा ती सोसायला जड गेली.